कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, पण चित्र येत नाही? फॉरमॅट करण्याआधी ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा



जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये टीव्ही येऊ लागले. कुठे लोकवर्गणीतून, कुठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कुठे माजी विद्यार्थ्यांनी मिळून दिले. आपण कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडतो, बालभारतीची पुस्तकं मोठ्या पडद्यावर उघडतो, दीक्षावरचे व्हिडिओ लावतो, स्वतः तयार केलेले पीपीटी दाखवतो. मुलं खूश असतात.

मग एक दिवस टीव्हीवर 'नो सिग्नल' अशी अक्षरं येतात. दोन-चार वेळा केबल काढून घालून होते. तास संपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हळूहळू टीव्हीवर कापड पडतं, आणि पडलं की ते पडलेलंच राहतं. ज्या आई-बापांनी मजुरीच्या पैशातून वर्गणी दिली, त्यांची मुलं त्या झाकलेल्या टीव्हीसमोर बसून शिकतात. म्हणून हा विषय नुसता तांत्रिक नाही.

कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की पुष्कळ वेळा एकच उत्तर मिळतं, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." आपणही 'बरं' म्हणतो. पण टीव्हीवर चित्र न येण्यासाठी फॉरमॅट हा पहिला उपाय कधीच नसतो. उलट फॉरमॅटमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर पुसला जातो, आणि तो नंतर नीट टाकला गेला नाही की त्यामुळेच टीव्ही चालत नाही. शिवाय फॉरमॅट करताना जपून नाही केलं, तर यू-डायसची माहिती, निकालपत्रकं, मुलांचे फोटो, वर्षभर जमवलेले व्हिडिओ हे सगळं जातं. दोन-तीन शे रुपयांच्या कामात शाळेचं दप्तरच जातं म्हणा ना.

म्हणून आज आपण हे सगळं क्रमाने पाहू. मी विंडोज १० आणि ११ धरून लिहीत आहे. विंडोज ७ मध्ये नावं थोडी वेगळी दिसतील, पण रीत तीच.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

मेळघाटातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिलीतली मुलं कोरकू बोलतात, नवीन आलेल्या गुरुजींना फक्त मराठी येते. अशा वेळी चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी मदतीला येते. गुरुजी मराठीत सांगतात, ती कोरकूत सांगते, मुलं करतात. ती मुलगी म्हणजे दुभाषी.

ड्रायव्हर हेच काम करतो. विंडोज ही एक भाषा बोलते आणि कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड दुसरी. दोघांच्या मधलं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तो यंत्राचा भाग नाही, त्यामुळे तो 'जळत' नाही. तो पुसला जातो, चुकीचा पडतो किंवा जुना होतो, इतकंच. आणि पुन्हा टाकता येतो, तोही फुकट.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. शाळेतल्या आणि घरातल्या बऱ्याचशा कॉम्प्युटरमध्ये ते वेगळं नसतं, प्रोसेसरमध्येच असतं. त्याला ऑनबोर्ड किंवा इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. काही कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं कार्ड बसवलेलं असतं. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात.

आता महत्त्वाचा भाग. खरा ड्रायव्हर नसेल तरी कॉम्प्युटर सुरू होतो. कारण विंडोजकडे स्वतःचा एक कामचलाऊ ड्रायव्हर असतो. त्याचं नाव 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर'. विंडोज ७ मध्ये त्यालाच 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर' म्हणत. दुभाषी मुलगी गैरहजर असली की गुरुजी हातवारे करून वेळ मारून नेतात, तसंच हे. पाणी पी, बस, ऊठ एवढं कळतं. गोष्ट सांगता येत नाही. या कामचलाऊ ड्रायव्हरवर एक पडदा दिसतो, पण दुसरा पडदा म्हणजे आपला टीव्ही सहसा ओळखला जात नाही, रिझोल्यूशन बदलत नाही आणि एचडीएमआय केबलमधून आवाजही जात नाही.

म्हणूनच "कॉम्प्युटर तर व्यवस्थित चालू आहे, मग टीव्हीच बिघडला असणार" हा आपला अंदाज पुष्कळदा चुकतो.

पायरी १ : आधी साध्या गोष्टी

ड्रायव्हरकडे जाण्यापूर्वी पाच मिनिटं इथे द्या.

१) टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण असतं. केबल एचडीएमआय २ मध्ये असेल आणि टीव्ही एचडीएमआय १ वर असेल, तर 'नो सिग्नल' येणारच.

२) डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागच्या बाजूला चित्राची पोर्ट दोन ठिकाणी दिसतात. वर मदरबोर्डची आणि खाली कार्डची. केबल कार्डच्या पोर्टमध्येच लावा. कार्ड बसवल्यावर बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डचं पोर्ट बंद होतं.

३) कॉम्प्युटरला फक्त व्हीजीए पोर्ट असेल (निळं, १५ टाचण्यांचं) आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो 'व्हीजीए टू एचडीएमआय' असाच मागा. 'एचडीएमआय टू व्हीजीए' हा दिसायला तसाच असतो, पण उलट दिशेने चालत नाही. कन्व्हर्टरला सहसा यूएसबीतून वीज द्यावी लागते, ती छोटी वायर लावायला विसरू नका.

४) केबल जोडताना आणि काढताना टीव्ही व कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. पुष्कळ शाळांत अर्थिंग धड नसतं. अशा ठिकाणी चालू स्थितीत केबल घातली तर पोर्ट जळू शकतं. आणि ते मात्र फुकट दुरुस्त होत नाही.

५) जोडून झालं की आधी टीव्ही सुरू करा, मग कॉम्प्युटर. टीव्ही केबलमधूनच कॉम्प्युटरला आपली माहिती देतो, म्हणजे कंपनी कोणती, कोणतं रिझोल्यूशन चालतं वगैरे. दाखल होताना मूल जसा जन्मदाखला आणतं तसं. टीव्ही बंद असेल तर ही माहिती कधी कधी पोचत नाही.

पायरी २ : विंडोजला सांगा की टीव्ही वापरायचा आहे

कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि इंग्रजी पी दाबा. उजवीकडे चार पर्याय येतील.

'पीसी स्क्रीन ओन्ली' : फक्त कॉम्प्युटरवर चित्र. टीव्ही काळा.
'डुप्लिकेट' : दोन्हीकडे एकच चित्र.
'एक्स्टेंड' : टीव्ही हा जोडीचा दुसरा पडदा.
'सेकंड स्क्रीन ओन्ली' : फक्त टीव्हीवर चित्र.

सुरुवातीला 'डुप्लिकेट' निवडा. पुष्कळ वेळा इथेच काम होतं. पर्याय निवडूनही काही होत नसेल, किंवा दुसरा पडदा सापडत नाही असा संदेश येत असेल, तर पुढे चला.

एक झटपट उपाय इथेच करून बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट ही तीन बटणं एकदम धरून इंग्रजी बी दाबा. पडदा क्षणभर काळा होईल आणि टक असा आवाज येईल. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फायली तशाच राहतात. ड्रायव्हर नुसता अडकला असेल तर एवढ्यावर भागतं.

पायरी ३ : दोष केबलचा की ड्रायव्हरचा? एक सोपी चाचणी

ही चाचणी डेस्कटॉपसाठी आहे. कॉम्प्युटर बंद करा. नेहमीचा मॉनिटर काढून ठेवा आणि फक्त टीव्ही जोडा. टीव्ही सुरू करा, मग कॉम्प्युटर सुरू करा आणि टीव्हीकडे बघत राहा.

कॉम्प्युटर सुरू होताना अगदी पहिल्यांदा कंपनीचं चिन्ह किंवा पांढरी अक्षरं येतात. तेव्हा विंडोज सुरूच झालेली नसते, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हरचा तिथे संबंधच नसतो. हे चिन्ह टीव्हीवर दिसलं, तर टीव्ही, केबल आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत. त्यानंतर विंडोज येताना पडदा काळा झाला, तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा रिझोल्यूशनच्या सेटिंगमध्ये आहे. नवीन केबल आणायला बाजारात जायची गरज नाही.

चिन्ह मुळीच दिसलं नाही, तर मात्र दुसरी केबल, दुसरं पोर्ट, दुसरा टीव्ही अशी अदलाबदल करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. विज्ञानाच्या प्रयोगात आपण मुलांना हेच सांगतो ना!

लॅपटॉपवर ही पहिली अक्षरं बहुधा लॅपटॉपच्याच पडद्यावर येतात. त्यामुळे लॅपटॉपवाल्यांनी सरळ पुढच्या पायरीवर जावं.

पायरी ४ : डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहा

स्टार्ट बटणावर राईट क्लिक करा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. यादीत 'डिस्प्ले अडॅप्टर्स' दिसेल. त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबा. आता खाली काय लिहिलं आहे ते नीट वाचा. चार प्रकार संभवतात.

पहिला : कार्डचं खरं नाव दिसतं. उदाहरणार्थ इंटेल एचडी ग्राफिक्स, इंटेल यूएचडी ग्राफिक्स, एनव्हिडिया जीफोर्स, एएमडी रेडिऑन. म्हणजे ड्रायव्हर आहे. तो जुना किंवा बिघडलेला असू शकतो, पण आहे.

दुसरा : 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतं. म्हणजे दुभाषी गैरहजर आहे. फॉरमॅट केल्यानंतर हेच दृश्य पुष्कळदा दिसतं.

तिसरा : नावावर पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह. नावावर डबल क्लिक करा. खिडकीत कोड नंबर येतो. कोड ४३ म्हणजे कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं आहे. आधी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून बघा. तरीही कोड ४३ येत राहिला तर कार्डच नादुरुस्त असण्याची शक्यता आहे.

चौथा : लॅपटॉपमध्ये दोन नावं दिसतात, एक इंटेल किंवा एएमडीचं आणि एक एनव्हिडियाचं. एचडीएमआय पोर्ट यातल्या कोणत्याही एकाला जोडलेलं असू शकतं. म्हणून दोघांचेही ड्रायव्हर नीट असायला हवेत.

पायरी ५ : योग्य ड्रायव्हर मिळवा

सुरू करण्याआधी दोन कामं. एक, शाळेच्या महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. दोन, स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' शोधा, 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' उघडा आणि एक पॉइंट करून ठेवा. 'क्रिएट' बटण दबत नसेल तर 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन प्रोटेक्शन सुरू करा. काही गडबड झाली तर इथे परत येता येतं.

इंटरनेटचं काय? शाळेत वायफाय नसेल किंवा फॉरमॅटमध्ये वायफायचाही ड्रायव्हर गेला असेल, तर मोबाईल डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलमध्ये 'यूएसबी टिथरिंग' सुरू करा. फाईल मोठी असते, काही शे एमबीची, तेव्हा डेटा पॅक बघून घ्या.

मार्ग पहिला, विंडोज अपडेट. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून अपडेट तपासा. त्याखेरीज तिथेच 'ऑप्शनल अपडेट्स' नावाचा भाग असतो, विंडोज ११ मध्ये तो 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' खाली आहे. त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' मध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर दिसला तर टाकून घ्या. नवख्या माणसासाठी हाच सर्वांत सुरक्षित मार्ग.

मार्ग दुसरा, कॉम्प्युटरच्या कंपनीची वेबसाईट. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. त्यात 'सिस्टिम मॅन्युफॅक्चरर' म्हणजे कंपनी आणि 'सिस्टिम मॉडेल' म्हणजे मॉडेल लिहिलेलं असतं. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' म्हणजे मदरबोर्डचं नाव बघा. 'सिस्टिम टाइप' मध्ये एक्स६४ असेल तर विंडोज ६४ बिटची आहे, एक्स८६ असेल तर ३२ बिटची. आता त्या कंपनीच्या वेबसाईटवर 'सपोर्ट' मध्ये मॉडेल टाका, विंडोज निवडा आणि 'ग्राफिक्स' किंवा 'डिस्प्ले' खालचा ड्रायव्हर घ्या.

मार्ग तिसरा, ग्राफिक्स कार्डच्या कंपनीची वेबसाईट. इंटेल, एनव्हिडिया, एएमडी तिघेही ड्रायव्हर फुकट देतात. कधी कधी इंटेलचा ड्रायव्हर टाकताना 'हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही, कॉम्प्युटर उत्पादकाकडून घ्या' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. घाबरू नका, मार्ग दुसरा वापरा.

कार्ड कोणत्या कंपनीचं आहे हेच कळत नसेल तर? डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर डबल क्लिक करा, 'डिटेल्स' मध्ये जा आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळीत व्हीईएन या अक्षरांपुढचे चार आकडे-अक्षरं बघा. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी, आणि १०डीई असेल तर एनव्हिडिया. ड्रायव्हर पुसला गेला तरी हा क्रमांक पुसला जात नाही, कारण तो कार्डमध्येच असतो.

ड्रायव्हर टाकताना पडदा एक-दोनदा काळा होईल. ते साहजिक आहे. मध्येच बटण दाबून कॉम्प्युटर बंद करू नका. लाईट जायची वेळ असेल तर हे काम पुढे ढकला. झाल्यावर कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा आणि पुन्हा विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं

असंही होतं. विंडोज आपोआप नवा ड्रायव्हर टाकते आणि तो आपल्या जुन्या मशीनला मानवत नाही. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डच्या नावावर डबल क्लिक, मग 'ड्रायव्हर', मग 'रोल बॅक ड्रायव्हर'. याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. हे बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही असं समजा. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाकण्याची चौकट दिसेल तिथे खूण करा, रीस्टार्ट करा आणि कंपनीच्या वेबसाईटवरचा ड्रायव्हर टाका.

चित्र आलं, पण...

*कडा कापल्या जातात.* खालची टास्कबार किंवा फळ्यावरचं शीर्षक अर्धं दिसतं. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काळच्या काचेच्या टीव्हीत कडेचा थोडा भाग झाकला जायचा, ती सवय आजच्या टीव्हीतही उरली आहे. आधी टीव्हीच्याच 'पिक्चर साइझ' मध्ये बघा. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगच्या अनेक टीव्हींमध्ये 'स्क्रीन फिट' असा पर्याय असतो. तिथे नसेल तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'स्केलिंग' किंवा डेस्कटॉपचा आकार बदलण्याची सोय असते. ही सोय खरा ड्रायव्हर असेल तरच दिसते.

*अक्षरं पुसट दिसतात.* डेस्कटॉपवर राईट क्लिक, 'डिस्प्ले सेटिंग्ज', टीव्हीचा पडदा निवडा आणि 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन घ्या. फुल एचडी टीव्हीला १९२० × १०८० बरोबर. एचडी रेडी टीव्हीला १२८० × ७२० किंवा १३६६ × ७६८ करून बघा. 'डुप्लिकेट' मध्ये दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन वापरावं लागतं, म्हणून एक पडदा पुसट वाटू शकतो. तेव्हा 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करून बघा.

*टीव्हीवर 'मोड नॉट सपोर्टेड' येतं.* टीव्हीला पेलणार नाही असं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट जातो आहे. मॉनिटर परत जोडा, रिझोल्यूशन कमी करा आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवा.

*चित्र येतं, आवाज कॉम्प्युटरमधूनच येतो.* खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाजाचं साधन बदला आणि टीव्हीचं नाव निवडा. तिथे टीव्हीचं नावच नसेल तर ड्रायव्हरमधला आवाजाचा भाग पडलेला नाही, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाका. व्हीजीए केबलमधून मात्र आवाज जातच नाही. तिथे वेगळी ऑडिओ केबल लागते.

फार जुना कॉम्प्युटर असेल तर

इथे खरं सांगितलं पाहिजे. काही कॉम्प्युटरसाठी नवीन विंडोजचा ड्रायव्हर निघालेलाच नाही. इंटेलने दुसऱ्या पिढीच्या म्हणजे साधारण २०११ सालच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला विंडोज १० साठी अधिकृत आधार दिला नाही. आय३-२१२० असं नाव असेल तर छोट्या रेघेनंतरचा पहिला आकडा २ आहे, म्हणजे दुसरी पिढी. अशा मशीनवर विंडोज अपडेट कधी कधी जुना पण चालणारा ड्रायव्हर देते. त्याहून जुन्या मशीनवर तीही आशा कमीच.

म्हणून नवी विंडोज टाकायचा विचार असेल, तर आधी आपल्या मॉडेलला त्या विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे का ते कंपनीच्या वेबसाईटवर बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आहे, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच जणांसमोर येणार आहे. आधी ड्रायव्हर बघायचा, मग विंडोज बदलायची. हा क्रम उलटा करू नका.

जुन्या मशीनसाठी आणखी एक वाट आहे, लिनक्सची. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतात. उबंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्सही आहे. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये टीव्ही लगेच चालला, तर तुमचं कार्ड, केबल, टीव्ही सगळं चांगलं आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच आहे हेही सिद्ध होतं.

हे टाळा

'तुमचे १७ ड्रायव्हर जुने झाले आहेत, लगेच दुरुस्त करा' अशा जाहिरातींवर क्लिक करू नका. ड्रायव्हर शोधून देणारी पैसे मागणारी सॉफ्टवेअर लागतच नाहीत. त्यांच्यासोबत नको ते प्रोग्राम येतात. अनोळखी वेबसाईटवरची ड्रायव्हरची फाईलही नको. याच कॉम्प्युटरवर आपण मुलांच्या आधार क्रमांकांची, बँक खात्यांची माहिती भरतो, हे विसरून चालणार नाही.

दुरुस्तीला द्यावाच लागला, तर दुकानदाराशी भांडू नका, पण स्पष्ट सांगा : "फॉरमॅट करू नका, डिस्प्ले ड्रायव्हर तेवढा बघा. आणि फॉरमॅट करावाच लागला तर आधी फोन करा." एवढं वाक्य लक्षात राहिलं तरी या लेखाचं काम झालं.

दुरुस्ती होईपर्यंत वर्ग थांबवू नका

टीव्हीला यूएसबी पोर्ट असेल तर व्हिडिओ पेन ड्राइव्हवर एमपी४ स्वरूपात घ्या आणि सरळ टीव्हीतच लावा. पीपीटीची पानं चित्रं म्हणून सेव्ह केली तर तीही टीव्हीवर दिसतात. पालकांनीही घरी हे करून बघावं.

टीव्ही सुरू झाल्यावर दोन सवयी

पहिली : 'डुप्लिकेट' वर असताना कॉम्प्युटरवरचं सगळं मुलांना दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, कुणाचे गुण, कुणाची वैयक्तिक माहिती. म्हणून सरावानंतर 'एक्स्टेंड' वापरा. धडा टीव्हीवर न्या, आपलं टिपण आपल्या पडद्यावर ठेवा.

दुसरी : आज ज्यांचा टीव्ही व्यवस्थित चालू आहे त्यांनीच हे आज करावं. एका कागदावर कॉम्प्युटरचं मॉडेल, विंडोज कोणती, ३२ की ६४ बिट, ग्राफिक्स कार्डचं नाव आणि टीव्हीचं चालणारं रिझोल्यूशन लिहा. तो कागद सीपीयूच्या बाजूला चिकटवा. चालू ड्रायव्हरची फाईल एका पेन ड्राइव्हवर घेऊन तो मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आपली बदली होते, पण कागद आणि पेन ड्राइव्ह शाळेतच राहतात. आपल्यानंतर येणाऱ्या बाईंना किंवा सरांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तपासणीचा क्रम थोडक्यात पुन्हा : सोर्स आणि केबल, विंडोज आणि पी, पहिल्या अक्षरांची चाचणी, डिव्हाइस मॅनेजर, योग्य ड्रायव्हर. एवढं सगळं होऊनही चित्र आलं नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे जा. तेव्हाही तुम्हाला नेमकं सांगता येईल की काय चालतं आणि काय चालत नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून हा क्रम सगळ्यांना करून दाखवा. आपल्या केंद्रातल्या एखाद्या शाळेतला टीव्ही केवळ ड्रायव्हरसाठी झाकून ठेवलेला असेल, तर त्याच आठवड्यात त्याच्यावरचं कापड निघेल.